बागेच्या मातीचे ऋतू आणि रुग्णालयातली औषधे

डाळिंबाचा बहार धरायचा म्हणजे आधी झाडाला ताण द्यायचा. पाणी तोडायचे, पाने पिवळी पडू द्यायची, इथ्रेल फवारून पानगळ करायची, हलकी छाटणी करून खते भरायची आणि मग पहिले पाणी सोडायचे. सांगोल्यापासून सटाण्या-मालेगावपर्यंतच्या बागायतदाराला हे वेळापत्रक तोंडपाठ असते. विदर्भातल्या संत्र्याचे आंबिया आणि मृग बहाराचे गणित, नाशिक-सांगलीच्या द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, कोकणातल्या हापूसचा मोहोर, या सगळ्यांची अशीच पंचांगे आहेत. त्यांत झाड आहे, पाणी आहे, खत आहे, औषध आहे. मुळांभोवतीच्या मातीत राहणाऱ्या जिवाणूंची आणि बुरशींची मात्र त्यांत नोंद नाही. त्यांचेही ऋतू असतात आणि त्यांच्या ऋतूत बागेत काय ओतले जाते याचा संबंध फळाइतकाच माणसाच्या आरोग्याशीही येतो.

माती आणि दवाखाना यांचे नाते जुने आहे. १९४३ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण संशोधकाने मातीतल्या एका जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे काढले. क्षयरोगावर खऱ्या अर्थाने चालणारे ते पहिले प्रतिजैविक. वॅक्समन यांना त्यासाठी १९५२ चे नोबेल मिळाले. टेट्रासायक्लीन गटातली पहिली औषधे, व्हँकोमायसिन, बुरशीवरचे अँफोटेरिसिन बी ही सगळी मातीतल्या याच कुळातल्या जिवाणूंची देणगी. वॉर्डातल्या औषधांच्या कपाटात आजही मातीचा वाटा मोठा आहे. पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा वासही याच स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंचा. जिओस्मिन नावाचे द्रव्य ते तयार करतात आणि त्या वासाने ओढले जाणारे मातीतले बारीक कीटक त्यांचे बीजाणू इकडून तिकडे पोहोचवतात, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले.

उन्हाळा: झोप आणि जाग

एक ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, पण ते बाराही महिने सारखे जागे नसतात. उघड्या बागेत एप्रिल-मेच्या उन्हात वरची माती हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. ओल संपते. नाजूक जिवाणू मरतात, काही सुप्तावस्थेत जातात. बॅसिलससारखे जिवाणू जाड कवचाचे बीजाणू करून तग धरतात. मुळांना स्फुरद आणि पाणी पुरवणारी मायकोरायझा बुरशी मुळांच्या आधाराने खालच्या ओलसर थरात टिकते.

मग पहिले पाणी पडते. ते मृगाचे असेल, नाहीतर ताण मोडताना ठिबकचे. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या एच. एफ. बर्च या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये एक गोष्ट मांडली. वाळलेली माती भिजली की काही तासांत सूक्ष्मजीवांचा श्वसनवेग एकदम उसळतो, मेलेल्या जिवाणूंचे अवशेष आणि सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजतात आणि त्यातला नत्र झाडाला उपलब्ध होतो. ताण मोडल्यावर बाग तरारून येते त्यात झाडात साठलेल्या अन्नाचा, घातलेल्या खताचा जसा वाटा असतो तसा या उसळीचाही असतो. मात्र ही उसळी उधारीवर चालत नाही. मातीत कुजण्याजोगे काही असेल तरच नत्र सुटतो. दख्खनच्या हलक्या, मुरमाड जमिनीत, जिथे डाळिंब मोठ्या प्रमाणावर उभे आहे, सेंद्रिय कर्ब पुष्कळदा अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो. तिथे दरवर्षी कडक ताण द्यायचा आणि वर काही घालायचे नाही, म्हणजे शिल्लक खात्यातून नुसतीच रक्कम काढत राहायचे.

नेमका हाच काळ बागेत जिवाणू खते सोडण्याचा. ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास, स्फुरद विरघळवणारे जिवाणू यांची पाकिटे आणली जातात. ती दुकानात पत्र्याखाली उन्हात किती दिवस पडून होती, हे कोणी विचारत नाही. एका आठवड्यात ट्रायकोडर्माची आळवणी आणि त्याच आठवड्यात ताम्रयुक्त बुरशीनाशकाची आळवणी, असेही घडते. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशीच आहे. रुग्णाला जिवंत लस टोचायची आणि दुसऱ्याच दिवशी तिला मारणारे औषध द्यायचे, असा हा प्रकार. पैसे दोन्हींचे जातात आणि शेवटी 'जैविकाचा काही उपयोग नाही' एवढाच निष्कर्ष उरतो.

पावसाळा: भरभराट आणि धोका

जून ते सप्टेंबर हा मातीतल्या जिवाणूंचा खरा सुगीचा काळ. ओल, ऊब आणि कुजणारा पालापाचोळा, सारे एकदम मिळते. पण याच काळात बागांचे नुकसान करणारे जीवही फोफावतात. संत्र्याच्या बागेत पाणी साचले की फायटोप्थोरा मुळांवर आणि बुंध्यावर हल्ला करते आणि डिंक्या दिसू लागतो. डाळिंबावर तेल्या येतो. तो झॅन्थोमोनास या जिवाणूमुळे होतो आणि पावसाच्या थेंबांबरोबर, वाऱ्याबरोबर, छाटणीच्या कात्रीबरोबर पसरतो. सलग दहा-बारा दिवस ढगाळ हवा आणि रिमझिम राहिली तर कर्ज काढून उभी केलेली बाग हातची जाते. बागायतदाराच्या या भीतीला कोणी हलके समजू नये. या भीतीतूनच पंपात प्रतिजैविक पडते.

बागायती भागात 'स्ट्रेप्टोसायक्लीन' हा शब्द नवा नाही. ते स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन यांचे मिश्रण आहे. मातीतल्या जिवाणूकडून माणसाने जे औषध घेतले तेच पुन्हा पानांवरून आणि पावसाच्या पाण्यातून मातीत जाते. आज क्षयरोगाच्या पहिल्या फळीतून स्ट्रेप्टोमायसिन मागे सरले आहे. तरी प्लेगसारख्या आजारांत ते लागते आणि टेट्रासायक्लीन गटातले डॉक्सीसायक्लीन तर स्क्रब टायफस, लेप्टोस्पायरोसिस यांसाठी ग्रामीण रुग्णालयांचा रोजचा आधार आहे. पावसाळ्यात तापाने फणफणलेला शेतमजूर आला की डॉक्टरचा हात आधी त्याकडेच जातो. हे दोन आजार करणारे जंतू बागेतल्या फवारणीने प्रतिरोधक झाले, असे कोणी म्हणत नाही. प्रश्न आहे तो मातीत, पाण्यात आणि माणसाच्या आतड्यात वावरणाऱ्या इतर असंख्य जिवाणूंचा, जे प्रतिरोधाची जनुके एकमेकांना देतात.

हे कसे घडते याचे उदाहरण अमेरिकेतल्या सफरचंद बागांत सापडते. तिथे 'फायर ब्लाइट' या रोगावर १९५० च्या दशकापासून स्ट्रेप्टोमायसिन फवारले गेले आणि पुढच्या दोन दशकांत त्याला दाद न देणारे जिवाणू दिसू लागले. त्यांच्यात सापडलेली प्रतिरोधक जनुके माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंतही आढळणारीच होती. ही जनुके एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारतात. मातीत तर ती मुळातच असतात. हजारो वर्षे गोठून राहिलेल्या ध्रुवीय मातीतही ती मिळाली आहेत, कारण प्रतिजैविक बनवणाऱ्या जिवाणूला स्वतःचाही बचाव करावा लागतो. नव्हता तो दाब, म्हणजे दर पंधरवड्याला तेच औषध वरून ओतण्याचा. त्या दाबाखाली प्रतिरोधक जिवाणू टिकतात, बाकीचे मरतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सफरचंद बागांच्या मातीत झालेल्या काही अभ्यासांत मोजक्या फवारण्यांनंतर मातीतल्या जिवाणूंत मोठा बदल आढळला नाही. प्रतिजैविकांच्या गैरवापरात रुग्णालये, खासगी दवाखाने, औषध दुकाने आणि पशुपालन यांचा वाटा मोठा आहे. सर्दीला अझिथ्रोमायसिन लिहिणाऱ्या डॉक्टरने डाळिंब बागायतदाराकडे बोट दाखवणे शोभत नाही. पण तिथल्या मोजक्या, फुलोऱ्यापुरत्या फवारण्या आणि इथे पावसाळाभर होणाऱ्या फवारण्या यांत फरक आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ही दोन प्रतिजैविके शेतीतून टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला, तोही याच चिंतेतून. कागदावरच्या बंदीने बागेतली गरज संपत नाही, हे तेव्हाही स्पष्ट होते.

गरज कमी करण्याचा मार्ग ऋतूच दाखवतो. तेल्याग्रस्त भागात मृग बहाराऐवजी हस्त बहार धरावा, पावसाळ्यात बागेला विश्रांती द्यावी, रोगट फांद्या काढून जाळाव्यात, कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी, हा कृषी शास्त्रज्ञांचा सल्ला आहे. रोगाच्या हंगामात फळच झाडावर नसेल तर औषधाची वेळ क्वचित येते. रुग्णालयात संसर्ग नियंत्रण याहून वेगळे काय असते? आधी हात धुणे, मग इंजेक्शन.

पावसाळ्यात मातीतून थेट माणसाकडे येणाऱ्या एका आजाराचा उल्लेख इथे करणे आवश्यक आहे. बर्कहोल्डेरिया स्युडोमॅलाय हा जिवाणू ओल्या मातीत राहतो आणि मेलिऑइडोसिस हा आजार करतो. कर्नाटक, गोवा, कोकण या पश्चिम किनारपट्टीवर तो दिसतो. पायाच्या जखमेतून किंवा श्वासातून तो शरीरात शिरतो. सर्वांत जास्त धोका मधुमेहींना. ताप, न्यूमोनिया, यकृतात किंवा प्लीहेत गळू अशी लक्षणे असतात. तो क्षयरोगासारखा दिसतो आणि रक्ताचे किंवा पुवाचे कल्चर केले नाही तर निसटतो. नेमके औषध शिरेतून किमान दहा ते चौदा दिवस आणि पुढे साधारण तीन महिने गोळ्या, असा उपचार लागतो. सुपारी, काजू, आंब्याच्या बागेत पावसात अनवाणी राबणाऱ्या मधुमेही माणसाने गमबूट घालणे आणि पायाची जखम झाकणे ही साधी गोष्ट आहे. ती सांगण्याचे काम आरोग्य केंद्राने करायला हवे.

हिवाळा: द्राक्षबागेतली बुरशी

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षबागेत बुरशीनाशकांचा हंगाम सुरू होतो. पाऊस लांबला तर डाऊनी, थंडी पडली की भुरी. बुरशीनाशकांत ताम्र आणि ट्रायझोल या दोन गटांचा मातीशी आणि आरोग्याशी विशेष संबंध येतो.

ताम्राची कथा जुनी. फ्रान्समधल्या बोर्दो भागात प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ मध्ये मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण प्रसिद्ध केले. ते आजही बोर्डो मिश्रण म्हणून वापरात आहे आणि उपयोगीही आहे. पण तांबे कुजत नाही. पानांवरून मातीत आलेले तांबे वर्षानुवर्षे वरच्या थरात साठते आणि एका पातळीनंतर बुरशी, जिवाणू, गांडुळे यांना जाचते. तांब्याला सरावलेल्या जिवाणूंत प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके जोडीने आढळतात, हेही अनेक ठिकाणी दिसले आहे. युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबे अशी मर्यादा घातली ती यासाठीच. 'सेंद्रिय बागेतही चालते' म्हणून बोर्डोची आळवणी कितीही करावी, असा समज योग्य नाही.

हेक्साकोनॅझोल, टेब्यूकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल ही भुरीवरची नावे बागायतदाराच्या ओठांवर असतात. इट्राकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल ही छातीच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरची. ही सगळी एकाच घराण्यातली भावंडे आहेत आणि बुरशीला एकाच ठिकाणी मारतात. ॲस्परजिलस फ्युमिगाटस ही बुरशी माती आणि कुजणाऱ्या काडीकचऱ्यात सर्वत्र असते. तिचे बीजाणू प्रत्येकाच्या श्वासात जातात आणि निरोगी माणूस ते सहज परतवतो. पण क्षय बरा होऊन फुप्फुसात पोकळी राहिलेल्या रुग्णाच्या छातीत ही बुरशी ठाण मांडते. खोकल्यातून रक्त पडते, वजन घटते, थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत आणि तरी पुन्हा क्षयाचीच औषधे सुरू होतात. सरकारी रुग्णालयांत असे रुग्ण दुर्मीळ नाहीत. त्यांच्यासाठी तोंडाने घेण्याजोगे प्रभावी औषध म्हणजे हीच ॲझोल कुळातली गोळी. ती चालली नाही तर पुढे शिरेतून द्यायची महागडी, मूत्रपिंडांना त्रास देऊ शकणारी औषधे उरतात.

नेदरलँड्समध्ये गेल्या शतकाच्या अखेरीपासून असे रुग्ण दिसू लागले, ज्यांनी आयुष्यात कधी ॲझोल घेतले नव्हते, पण त्यांच्या फुप्फुसातली बुरशी त्या औषधाला दाद देत नव्हती. त्याच जनुकीय बदलाची बुरशी शेतात आणि कंपोस्टमध्ये सापडली. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २०१२ च्या सुमारास भारतातील रुग्णांत आणि मातीतही हाच प्रकार दाखवून दिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये घातक बुरशींची यादी काढली तेव्हा ॲस्परजिलस फ्युमिगाटसला सर्वांत वरच्या गटात ठेवले.

फवारलेल्या काड्या-पानांच्या ढिगात ही बुरशी विशेष वाढते, कारण तिला ऊब सोसते आणि ढिगात औषधाचा अंशही असतो. म्हणून 'कंपोस्ट केले की सारे शुद्ध झाले' असे नाही. छाटणीचा माल बारीक करून नीट ओलावून, ढीग पुरेसा तापेल असा रचावा. तो उलटताना नाकातोंडाला मास्क असावा. जुना क्षय, दमा किंवा स्टिरॉइडची औषधे असलेल्या व्यक्तीने हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

हिशेब कोण ठेवणार?

केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका २०१५ मध्ये आली. तिच्यात बारा गोष्टी मोजतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये. मातीतल्या जिवांविषयी एकही नाही. हिमोग्लोबिन आणि साखर तपासून नाडी न पाहता रुग्णाला घरी पाठवावे, तसे हे. मातीच्या श्वसनाची, म्हणजे बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची चाचणी साधी आहे. तिला मोठी यंत्रे लागत नाहीत. अट एकच, नमुना दरवर्षी एकाच ऋतूत घ्यायला हवा. मेमधल्या कोरड्या मातीची ऑगस्टच्या मातीशी तुलना करून काहीही अर्थ निघणार नाही. फळबागांपासून ही तेरावी चाचणी सुरू करावी.

दुसरी गोष्ट नोंदीची. निर्यातीच्या द्राक्षांसाठी बागांची नोंदणी होते, फवारण्यांची वही ठेवली जाते, फळातले अंश प्रयोगशाळेत तपासले जातात. युरोपातल्या ग्राहकासाठी हे जमते, तर बागेत राबणाऱ्या माणसासाठी आणि त्याच्या मातीसाठीही जमायला हरकत नाही. माणसाच्या औषधांशी नाते असलेली प्रतिजैविके आणि ट्रायझोल बुरशीनाशके कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात, किती विकली गेली, हा आकडा कृषी सेवा केंद्रांच्या विक्री नोंदींतून काढता येतो. तो जिल्हा रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागापर्यंत पोहोचायला हवा आणि रुग्णालयात कोणती औषधे निकामी होत आहेत हा आकडा कृषी विभागापर्यंत. प्रतिजैविक प्रतिरोधाच्या २०१७ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात माणूस, पशू, शेती यांना एकत्र पाहण्याचे तत्त्व मान्य झाले आहे. जिल्ह्याच्या पातळीवर मात्र कृषी अधीक्षक आणि जिल्हा शल्यचिकित्सक या विषयावर एका टेबलाभोवती क्वचितच बसतात.

तिसरी गोष्ट पैशाची. प्रतिजैविक बंद करा म्हणणे सोपे आहे. बहार बदलला तर बाजारभाव बदलतो, विश्रांती दिली तर एक पीक लांबते. तेल्याग्रस्त पट्ट्यात हस्त बहाराकडे वळणाऱ्या बागायतदाराला पीक विम्यात आणि कर्जफेडीच्या वेळापत्रकात त्याप्रमाणे सवलत मिळाली पाहिजे. नाहीतर आरोग्याची किंमत एकट्या शेतकऱ्याच्या खिशातून वसूल केल्यासारखे होईल आणि बंदी असलेले पाकीट दुकानाच्या मागच्या दाराने मिळत राहील.

बागायतदारालाही स्वतःपुरते काही ठरवता येईल. मेमध्ये बाग उघडी न ठेवता पाचट किंवा वाळल्या गवताचे आच्छादन करावे. ताण देताना जमिनीचा पोत पाहावा, शेजारच्या भारी जमिनीतल्या बागेइतका ताण हलक्या जमिनीत देऊ नये. शेणखत पूर्ण कुजलेले घालावे. जैविक आणि रासायनिक आळवणीत पुरेसे अंतर ठेवावे आणि जिवाणू खत वाफशावर, संध्याकाळी, सेंद्रिय खताबरोबर द्यावे. एकाच गटातले बुरशीनाशक सलग वापरू नये. फवारणीनंतर हात धुवावेत, कपडे वेगळे धुवावेत. खोकला, ताप किंवा पायाची जखम घेऊन दवाखान्यात गेल्यावर 'बागेत काम करतो आणि अमुक औषध फवारतो' हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. डॉक्टरांनीही ते विचारावे. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' एवढेच लिहून पुढे जाण्याची सवय आता मोडायला हवी. कोणते पीक, कोणता महिना, कोणती फवारणी, हे तीन प्रश्न विचारायला एक मिनिटही लागत नाही.